वरातींतील वीज

नवी सून आणि नवें वाद्य यांचें नशीब आपल्या घरांतून पुष्कळ काळ सारखेंच राहिलें आहे. दोहोंचा आवाज आरंभीं वडीलधाऱ्यांस खटकतो, दोहोंच्या माहेराची कसून चौकशी होते, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें लोटलीं म्हणजे त्यांच्यावांचून घरचें एकहि कार्य पार पडत नाहीं. पेटीचेंच उदाहरण घ्यावें. १८४२ सालीं पॅरिसच्या दबेन नांवाच्या कारागिरानें हार्मोनियमचा हक्क आपल्या नांवें नोंदविला. पुढें कलकत्त्यास तिला मांडी घालून वाजवितां येईल असें लहान रूप मिळालें, आणि पाहतां पाहतां ती आमच्या कीर्तनांत, नाटकांत व माजघरांत येऊन बसली. तिचे स्वर ठोकळ आहेत, तिला मींड येत नाहीं, ती गळ्याला वाईट वळण लावते, असे आरोप तिच्यावर झाले, व ते अगदींच खोटे नव्हते. १९४० सालीं रेडिओनें तर तिला दारच बंद केलें, आणि तें उघडावयास १९७१ साल उजाडावें लागलें. तरी पेटी टिकली. तिचे दोष कांहीं नाहींसे झाले नाहींत. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या बोटांनीं त्या दोषांतूनच वाट काढून दाखविली, आणि ऐकणारांनीं तक्रार मागें घेतली.

विजेच्या तंबोऱ्याची गोष्ट याहून सोपी झाली. बंगळुरास १९७९ च्या सुमारास हें यंत्र तयार झालें. आज बैठकींत गायकाच्या पाठीमागें खऱ्या तंबोऱ्यांच्या जोडीला ती लहानशी पेटी गुणगुणत असते आणि श्रोत्यांपैकीं कोणी भुवई उंचावीत नाहीं. संगीतांत वीज शिरली म्हणजे संगीत बाटलें, असें आतां सुशिक्षित घरांतहि कोणी म्हणत नाहीं. म्हणूनच आम्ही आज एका तिसऱ्या वाद्याची वकिली करावयास बसलों आहों. त्याला घरांत अद्याप कोणी घेतलेलें नाहीं. तें रस्त्यांतच उभें आहे. तें वाद्य म्हणजे वरातींतला बँजो.

आमचें देगलूर हें नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाचें तालुक्याचें गांव. तेलंगणाची हद्द येथून जवळ, कर्नाटकाचीहि फार दूर नाहीं, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें बाजारांत एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी उर्दू अशा चारहि भाषा एका सौद्यांत ऐकूं येतात. गांवाचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें मुख्यतः देगलूरकर घराण्यामुळें. गुंडामहाराजांपासून चालत आलेली ही वारकरी परंपरा धुंडामहाराजांच्या निरूपणानें घरोघर पोंचली. पंढरपुरांतील चक्रीभजनहि याच घराण्याच्या नांवाशीं जोडलेलें आहे. टाळ, मृदंग व वीणा हा या गांवचा पहिला आवाज. दुसरा आवाज हलगीचा, ताशाचा व उरुसांतील कव्वालीचा. त्याखेरीज माहूरच्या रेणुकेमुळें या जिल्ह्यांत संबळ आणि चौंडकें यांचा मान मोठा. चौंडक्याची एकुलती तार एका हातानें ताणावी व दुसऱ्या हातानें छेडावी, कीं स्वर रबरासारखा वर चढतो आणि खालीं घसरतो. विजेच्या वाद्यांतले सरकते स्वर ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना चौंडक्याशीं त्यांचें नातें जोडावयास फार वेळ लागूं नये. अशा या गांवांत लग्नसराई आली म्हणजे या साऱ्या आवाजांवर आणखी एक आवाज चढतो, आणि तो बँजोचा असतो.

बँजो हें नांव त्याला कोणी दिलें असेल तें असो, अमेरिकेंतील कातडी मढविलेल्या बँजोशीं त्याचें रक्ताचें नातें नाहीं. हें वाद्य मूळचें जपानी. १९१२ सालीं नागोया शहरांत मोरिता गोरो या माणसानें एका लांबट लाकडी पेटीवर तारा ताणून त्यांवर टाइपरायटरसारखीं बटणें बसविलीं. त्याच वर्षीं जपानांत ताइशो नांवाचें नवें राजशक सुरू झालें, म्हणून वाद्याचें नांव ताइशोगोतो पडलें. किंमत थोडी, शिकणें सोपें आणि ओझें हलकें; असल्या वस्तूला जहाजांत जागा मिळावयास अडचण पडत नाहीं. हिंदुस्थानांत येऊन तें बुलबुलतरंग झालें, बलुचिस्तानांत बेंजू झालें, आणि आमच्याकडे बँजो. इंडोनेशियांत बाली व सुलावेसी या बेटांवरहि तें पोंचलें व तेथल्या गांवठी वाद्यमेळांत मिसळून गेलें. देगलूरच्या वरातींतला बँजो आणि बालीच्या एखाद्या खेड्यांतलें त्याचें भावंड हीं अशा रीतीनें एकाच जपानी आजोबांचीं नातवंडें आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

वाद्याची रचना साधी आहे. डाव्या हातानें बटणें दाबावयाचीं, उजव्या हातांतल्या नखीनें तारा छेडावयाच्या. बटण दाबलें कीं त्याखालची पट्टी तारेवर टेकते, तारेचा वाजणारा भाग आंखूड होतो आणि स्वर चढतो. कांहीं तारांवर गाणें चालतें, बाकीच्या तारा षड्ज धरून राहतात. मूळ वाद्याचा आवाज इतका बारीक कीं पलीकडच्या खोलींत तो जेमतेम ऐकूं यावा. आमच्याकडील वादकांनीं तारांखालीं पिकअप बसविला, म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे पुष्कळसे वेढे. पोलादी तार थरथरली कीं त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. ती ॲम्प्लिफायरमध्यें जाऊन अनेक पटींनीं वाढते आणि भोंग्यांतून पुन्हा आवाज होऊन बाहेर पडते. वाटेंत प्रतिध्वनीचें एक यंत्र जोडलेलें असतें. सोबतीला कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी व ताशा, हें सारें एका गाड्यावर, आणि गाड्याच्या मागें धडधडणारा जनरेटर. आतां बटणांच्या वाद्याला मींड कोठून येणार? परंतु चांगला वादक नखी इतकी जलद फिरवितो कीं तुटक स्वरांची अखंड रेघ उमटते, आणि तिच्यामागें प्रतिध्वनीची सांवली पडली म्हणजे कानाला मींडेचा भास होतो. पेटीवाल्यांनीं पेटीच्या दोषांतून काढलेल्या वाटेहून ही वाट फार निराळी नाहीं.

या विचाराला निमित्त झालें तें घरांतल्या एका मुलाचें. तो पुण्यास शिकतो. मागल्या सुटींत त्यानें आम्हांस जावा बेटांतील योग्यकर्ता शहराच्या दोघा कलावंतांचा प्रयोग आपल्या फोनवर दाखविला. रुली शबारा आणि वुकिर सुर्यादि हीं त्यांचीं नांवें. २०१० सालीं त्यांनीं सेन्यावा या नांवानें जोडी जमविली. शबारा यांच्याजवळ गळ्याखेरीज कांहीं नाहीं. त्या एका गळ्यांतून ते गुरगुरतात, कुजबुजतात, आक्रोश करतात, आणि मधूनच एखादें साधें गाणें म्हणतात. सुर्यादि यांचें वाद्य त्यांनीं स्वतः घडविलेलें आहे. जाड बांबूची एक उंच नळी, तिच्या अंगावर ताणलेल्या तारा, आणि बांबूच्याच सालीच्या उचललेल्या पट्ट्या. तें कधीं छेडावयाचें, कधीं गजानें घासावयाचें, कधीं थापटावयाचें. आणि त्याचा सारा आवाज विजेच्या मार्गानें बाहेर काढावयाचा. शेतीच्या अवजारांपासूनहि त्यांनीं वाद्यें केलीं आहेत. युरोपांतील मोठमोठ्या महोत्सवांत लोक तिकीट काढून हें ऐकतात व त्यावर विद्वान् मंडळी लेख लिहितात.

तिकडे हे दोघेच आहेत असेंहि नाहीं. योग्यकर्त्यांतल्याच 'जोग्जा नॉइज बॉम्बिंग' नांवाच्या मंडळींनीं घरीं जोडलेलीं यंत्रें उचलून रस्त्यावर, बागेंत, जेथें वीज मिळेल तेथें वाजविण्याचा प्रघात पाडला. बालीच्या 'गॅबर मोडुस ओपेरांडी' या जोडीनें युरोपांतील अतिशय द्रुत अशा विजेच्या नृत्यसंगीतांत जावाच्या जाथिलान या अंगांत येणाऱ्या नाचाचे आणि दांगदुत नांवाच्या लोकप्रिय गाण्याचे तुकडे मिसळले. दांगदुत हें नांव चर्मवाद्याच्या बोलावरून पडलेलें आहे, आणि त्या गाण्याच्या जडणघडणींत हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा वांटा मोठा आहे. १९७० नंतरच्या दशकांत रोमा इरामा या गायकानें विजेचीं गिटारें जोडून त्याला आजचें रूप दिलें. म्हणजे मुंबईंत तयार झालेली चाल समुद्र ओलांडून जावांत गेली, तेथें लोकांच्या नाचण्यांत रुळली, आणि आतां प्रयोगशील मंडळींच्या हातीं पडली. आमच्या वरातींतहि हीच मुंबईची चाल हाच विजेचा पोशाख करून चालत असते.

जावा-बालीच्या लोकांस हें धैर्य कोठून येतें, असा प्रश्न मनांत येतो. त्यांच्या गामेलान वाद्यवृंदाकडे पाहिलें म्हणजे थोडा उलगडा होतो. बालीच्या गामेलानांत एकाच स्वराचीं दोन वाद्यें मुद्दाम किंचित् बेसूर ठेवितात. दोन्ही एकदम वाजलीं कीं त्या सूक्ष्म अंतरामुळें आवाजांत लाटा उठतात, आणि स्वर श्वास घेतल्यासारखा हलूं लागतो. ज्याला आपण चूक म्हणूं तिला त्यांनीं शतकानुशतकें सौंदर्य मानलें. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत फ्रेंच संगीतकार देब्यूसी यानें जावाचें गामेलान ऐकलें आणि तो थक्क झाला, तो अशाच निराळ्या श्रवणामुळें. २०२१ सालीं युनेस्कोनें गामेलानास मानवजातीच्या वारशांत जागा दिली. सेन्यावाची बांबूची नळी म्हणजे या जुन्या श्रवणाची नवी फांदी होय. ती आकाशांतून पडलेली नाहीं.

आपल्याकडे विजेच्या संगीताचा इतिहास दोन वाटांनीं गेला. एक वाट बंद खोलीची. १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साह्यानें मूग सिंथेसायझर बसवून एक स्टुडिओ थाटला गेला. अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदि मंडळींनीं तेथें मोठ्या हौसेनें ध्वनींचे प्रयोग केले. परंतु त्या फिती पुढें कपाटांत पडून राहिल्या आणि त्यांतील निवडक भाग लोकांपुढें आला तो २०२३ सालीं, म्हणजे अर्धशतकानंतर. मुंबईंत चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यांत दहा राग वाजविले. त्या तबकडीचें मोल जगास कळलें तें २०१० सालीं ती पुन्हा निघाल्यावर. दुसरी वाट रस्त्याची. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांत पुंगीचा आवाज कल्याणजी वीरजी शाह यांनीं क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर काढला. ती धून वाजंत्र्यांनीं उचलली, आणि तेव्हांपासून आजतागायत ती वरातींतून बाहेर पडलेली नाहीं. विजेच्या वाद्यानें पुंगीची नक्कल केली, बँजो त्या नकलेची नक्कल करतो, आणि नवरदेवाचे मित्र तोंडांत रुमाल धरून रस्त्यावर नागासारखे लोळतात. हें दृश्य हंसण्यासारखें आहे खरें. पण विजेचा एक आवाज सत्तर वर्षें लोकांच्या अंगांत भिनून राहिला आहे, ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. बंद खोलींतला प्रयोग ऐकणारांवांचून वाळला. रस्त्यावरचा प्रयोग जगला, कारण त्याला रोज संध्याकाळीं उत्तर देणारीं माणसें समोर होतीं.

प्रयोग या शब्दाचा आपण उगीच धाक घेतों. आमच्या मतें प्रयोगशील वादकाचीं लक्षणें दोनच. हातीं आलेलें वाद्य तो आहे तसें ठेवीत नाहीं, आपल्या गरजेप्रमाणें तें उघडतो व बदलतो. आणि तो समोरच्या माणसांकडे पाहून वाजवितो. हीं लक्षणें सुर्यादि यांच्या बांबूस लागूं पडतात तशीं आमच्या बँजोवाल्यांसहि पडतात. भेद उरतो तो एवढाच कीं, तिकडच्या प्रयोगास सभागृह, समीक्षक व सन्मान मिळाला, आणि इकडच्या प्रयोगास बिदागी व पोलिसांची शिट्टी.

गेल्या वैशाखांत एका वरातीबरोबर आम्ही चाललों होतों. बाजाराच्या वळणावर जनरेटर धापा टाकून बंद पडला. भोंगे मुके झाले, कॅसिओ व ऑक्टोपॅड क्षणांत निर्जीव झाले, नाचणारीं पोरें हात वर केलेल्या स्थितींत थबकलीं. परंतु बँजोवाल्याची नखी थांबली नाहीं. गाड्याजवळ उभ्या असलेल्या आम्हां चार-पांच जणांस तेवढा तारांचा खरा आवाज ऐकूं येऊं लागला: अगदीं बारीक, पत्र्याच्या डब्यावर पावसाचे थेंब पडावे तसा. ताशेवाल्यानें तें ओळखून काडी हलकी केली. दोन-तीन मिनिटें ते दोघे एकमेकांकडे पाहत वाजवीत होते, आणि त्या वेळांत त्यांनीं त्या धुनेचें जें रूप काढलें तें त्या सबंध रात्रींत पुन्हा ऐकावयास मिळालें नाहीं. मग जनरेटर सुरू झाला व सारें पूर्ववत् झालें.

वरात पोंचल्यावर आम्हीं त्याला गांठलें. "वस्ताद, वीज गेली तरी तुम्ही थांबलां नाहींत?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, बोटं थांबली की मंग हात जड पडतो. करंट काय, येतो जातो. पर करंट गेला की कळतं, कोन वाजवतंय आन् कोन नुसतं बटन दाबतंय." त्याचें वाद्य आम्हीं हातीं घेऊन पाहिलें. कांहीं बटणें मूळचीं नव्हतींच. झिजलेल्यांच्या जागीं त्यानें दुसरीं बसविलीं होतीं. पिकअपचे वेढे त्यानें स्वतः गुंडाळले होते, कारण, त्याच्याच शब्दांत, बाजारांतला पिकअप "लई गुळगुळीत बोलतो." आवाजाचा खरखरीतपणा त्याला हवा होता आणि तो मिळविण्यास किती वेढे लागतात हें त्यानें चुकतमाकत शोधून काढलें होतें. योग्यकर्त्यांत हेंच वाक्य कोणी उच्चारलें असतें तर तें एखाद्या मुलाखतींत छापून आलें असतें.

येथें एक आक्षेप येणार, व तो योग्य आहे. वाचक म्हणतील, वरातींतला गोंगाट तुम्ही आमच्या दाराशीं आणून उभा करतां, आणि वर त्याला कला म्हणतां? घरांत तान्हें मूल आहे, हृदयाचें दुखणें असलेले आजोबा आहेत, परीक्षेला बसलेली मुलगी आहे. या आक्षेपास आम्ही पूर्ण वजन देतों. २००० सालच्या नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. डेसिबेलच्या मोजणींत दहा अंक वाढले कीं ध्वनीची तीव्रता दसपट होते. ८५ डेसिबेलचा आवाज कान आठ तास सोसूं शकतो असें धरलें, तर पुढें दर तीन अंकांस ती मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबेलपाशीं ती अवघ्या पंधरा मिनिटांवर येते. वरातींत तासन् तास गाड्यावर बसणाऱ्या वादकाचे कान यांत सर्वांआधीं जातात, हें मात्र आक्षेप घेणारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कायदा पाळला गेलाच पाहिजे, आणि तो सर्वांत अधिक वादकाच्याच हिताचा आहे.

पण गोंगाट आणि वाद्य या दोन निराळ्या वस्तु आहेत. आवाजाच्या या चढाओढींत बँजो जिंकत नसून हरत आहे. त्याची जागा डीजे घेत आहे. डीजेला वादक लागत नाहींत. स्पीकरांची भिंत, एक गाडी आणि कळ दाबणारा एक माणूस एवढ्यावर तें भागतें. बँजो पार्टींत आठ-दहा माणसांचें पोट असतें. सुपाऱ्या तुटल्या म्हणजे त्यांपैकीं कोणी हैदराबादेस बांधकामावर जातो, कोणी रिक्षा चालवितो, आणि बँजो माळ्यावर चढतो. सुशिक्षित माणूस खिडकी लावून घेतांना दोघांसहि एकच शिवी देतो: "काय हा धिंगाणा!" त्या एका शिवींत हात आणि यंत्र यांतला भेद बुडून जातो, आणि मग भिंत राहते, हात जातो. हीच आमची खरी चिंता आहे. गेलेला हात पुन्हा आणतां येत नाहीं. गुंडाळलेल्या वेढ्यांचा हिशेब, नखीची गति, ताशेवाल्यानें काडी हलकी केव्हां करावी याची खूण, यांपैकीं कांहींच कोठें लिहिलेलें नाहीं. तें एकाच्या बोटांतून दुसऱ्याच्या बोटांत जातें, आणि मधली पिढी रिक्षा चालवूं लागली कीं तेथेंच थांबतें.

सिनेमावाल्यांस या वाद्याची नाट्यमयता कळली हें कबूल केलें पाहिजे. २०१६ सालीं रवी जाधव यांनीं 'बँजो' या नांवाचाच हिंदी चित्रपट काढला आणि त्यांत आमच्या शेजारच्या लातूरचे रितेश देशमुख यांनीं बँजोवाल्याचें काम केलें. परंतु त्या कथेंतहि मुंबईच्या गल्लींतला बँजो शोधण्यासाठीं न्यूयॉर्कहून एक तरुणी यावी लागते. कथाकारानें तें सहज लिहिलें असेल. पण आमच्या संवयीचें त्याहून अचूक चित्र दुसरें मिळणें कठीण. पाहुण्यानें उचलून धरल्यावांचून घरची वस्तु आपल्या दृष्टीस पडत नाहीं. सेन्यावा या जोडीनें याचें एक उत्तर शोधून काढलें आहे. २०२१ सालीं आपली 'अल्किसाह' ही कृति त्यांनीं एका बड्या कंपनीच्या स्वाधीन न करतां देशोदेशींच्या ४४ लहान प्रकाशकांस एकदमच दिली. प्रत्येकानें आपापल्या परीनें तिचें वेष्टन केलें व आपापल्या गांवीं ती विकली. स्वतंत्र या शब्दाचा अर्थ तेथें एकटा असा नसून पुष्कळ लहानांच्या खांद्यावर उभा असलेला, असा आहे.

आमच्या तालुक्यांत असे खांदे नाहींत काय? देगलूरजवळ होट्टल येथें चालुक्यकालीन देवालयें आहेत आणि त्यांच्या निमित्तानें तेथें महोत्सवहि भरतो. शाळांचीं स्नेहसंमेलनें आहेत, वाचनालयें आहेत, गणेशोत्सवाचीं मंडळें आहेत. यांपैकीं कोणीहि एका संध्याकाळीं एक बँजोवाला, एक ताशेवाला व एक ढोलकीवाला बोलवावा. भोंगे नकोत, सभागृहास पुरेल एवढाच ॲम्प्लिफायर असावा. नाच नको, वरात नको. पाऊण तास त्यांनीं वाजवावें आणि आपण बसून ऐकावें, जसें पेटीवादन ऐकतों. शक्य असेल तर त्याचें ध्वनिमुद्रण करून त्यावर वादकांचीं नांवें घालावीं. वरातीच्या पत्रिकेंत घोड्याचाहि उल्लेख येतो, वादकाचा येत नाहीं. ऐकून झाल्यावर आवडलें नाहीं असें म्हणावयास प्रत्येकजण मोकळा आहे. नावडणें हाहि ऐकल्यानंतर मिळणारा हक्क आहे.

ही कल्पना आम्हीं त्या वस्तादाच्या कानीं घातली तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. बिदागीविषयीं त्यानें विचारलें नाहीं. किती माणसें येतील हेंहि विचारलें नाहीं. मांडीवरच्या बँजोच्या तारा त्यानें एकेक करून चांचपल्या, एक खुंटी जराशी पिळली, आणि म्हणाला, "लोक बसून ऐकनार म्हनता? मंग बारीक वाजवावं लागंल, गुरुजी. त्याला तयारी लागती. दोन महिने द्या."